प्रश्न थोडक्यात विचारावा

चरईत, पिठाच्या गिरणीच्या वर,
दर गुरुवारी सहा वाजता मी कुलूप काढते.
खुर्च्या बेचाळीस. त्यांतल्या तीन भिंतीला टेकवून ठेवायच्या,
चुकून कुणी बसू नये म्हणून.
गिरणी साडेसहाला थांबते,
तोवर वक्त्याचा परिचय उरकायचा.
परिचय थरथरत्या जमिनीवरच बरा,
माणूस कितीही मोठा असो.

नऊ वर्षं झाली.
बुधवारी रात्री येणारे फोन ठरलेले :
घसा बसलाय, सासूबाई पडल्या,
गाडी लावायला जागा आहे का,
श्रोते साधारण किती?
मी "तीसेक" म्हणते.
पाऊस नसला, सामना नसला, कुणाकडे बारसं नसलं
तर सतराजण येतात.
मधमाश्या ऐकल्या आम्ही, मोडी लिपी ऐकली,
मृत्युपत्र कसं करावं (त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या),
एका मुलीनं कृष्णविवरं समजावली
आणि जाताना छत्री विसरली,
ती अजून कपाटामागे आहे.

फळ्याच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, कायमचा एक नियम :
प्रश्न थोडक्यात विचारावा.
तो गावंडांसाठी आहे
हे सगळ्यांना माहीत आहे, गावंड सोडून.

गावंड उठले की आधी चष्मा काढतात.
"माझा एक छोटासा प्रश्न आहे," म्हणतात,
आणि बाकीचे चहाकडे हात नेतात.
त्यांचा प्रश्न वागळे इस्टेटमधल्या बंद कंपनीतून निघतो,
मेव्हण्याकडे मुक्काम करतो,
प्रश्नचिन्हाला पोचेलच असं नाही.
माझी घंटी, पोस्टाच्या काउंटरवरची, निवृत्त होताना मागून आणलेली,
सगळ्यांत जास्त त्यांच्यावरच वाजली आहे.

त्या गुरुवारी पास्कल मिस्किटा आले.
छत्तीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवलेले.
कडक इस्त्रीचा सदरा, हातात कागद नाही.
विषय : रस्त्याखालचं ठाणं.
"पहाटे चारला मी चावी फिरवायचो
तवा तुमच्या बादल्या भरायच्या.
तुमी मला वळखत नाय,
मी तुमच्या आंघोळीच्या वेळा वळखतो."
हशा.
मग हात हवेत धरून ते आम्हाला घेऊन निघाले.
टेंभी नाका, साडेअकरा आटे.
जांभळी नाका, नऊ, पण डावीकडून.
खारकर आळीत झाकणावर कुणीतरी रोज स्कूटर लावतो.
तिथून पुढं

तिथून पुढं.

हात तसाच, चावी धरल्यासारखा.
पहिल्या रांगेत त्यांची मुलगी मान खाली घालून.
फोनवर म्हणाली होती, चांगला दिवस असला तर बोलतील.
मी हो हो म्हटलं होतं,
तारीख रिकामी होती.

कुणीतरी कप बशीत ठेवला, तो सगळ्यांना ऐकू गेला.
माझं बोट घंटीवर. वाजवू कुणासाठी?

तेव्हा गावंडांनी चष्मा काढला.
"माझा एक छोटासा प्रश्न आहे."
आणि निघाले : कंपनी, तिसरी पाळी, सायकल,
मेव्हणा, मेव्हण्याचं लग्न,
लग्नात पाणी कमी पडलं ते,
टँकर मागवला तो कुठं कुठं अडकला,
खारकर आळी सोडली, हळू, फारच हळू,
"म्हणजे बघा, उथळसरला वळायच्या आधी..."

"उथळसर!" मिस्किटा म्हणाले.
"चौदा आटे. चौदावा अर्धाच."
आणि हात फिरला.

गावंड खाली बसले. प्रश्न विचारायचा राहिलाच.
साडेसात झाले, सव्वाआठ झाले,
गिरणीवाला किल्ली मागायला वर आला,
भुवयांवर पीठ,
राबोडीपर्यंत दारातच उभा राहून ऐकत होता.

गुलाबाचं रोप दिलं, पाकीट दिलं.
जिन्यात मुलगी काहीतरी बोलणार होती,
नुसताच माझा हात दाबला.

मग मी वर येऊन फळा पुसायला घेतला.
फडकं "थोडक्यात"वर टेकलं होतं.
पण पुढच्या गुरुवारी आयकर आहे,
आणि आयकरावर गावंड काय काय बोलतील
ते डोळ्यांपुढे आलं.

नियम राहू दिला.